डोळा पाहून घेतलेली छाट

मॉन्स्टेरा अल्बो या भेगाळ, हिरव्या-पांढऱ्या पानांच्या शोभेच्या झाडाची छाट लावताना माझी चूक झाली ती कात्री हातात घेण्याआधीच. माझ्याकडच्या झाडाला तेव्हा सात पाने होती आणि त्यांतले पाचवे पान फार देखणे होते. तीन हिस्से दुधासारखे पांढरे आणि उरलेल्या भागात गर्द हिरवा पट्टा. नवे झाडही याच पानावर जाईल, अशा समजुतीने मी तेवढेच पेरे, म्हणजे खोडावरची पान फुटते ती गाठ, पानासकट कापून पाण्यात ठेवले. तीन आठवड्यांत मुळ्या आल्या, दोन महिन्यांनी फुटवा निघाला आणि त्याचे पहिले पान संपूर्ण पांढरे उघडले. दुसरेही तसेच निघाले. पांढऱ्या पेशींत हरितद्रव्य नसते, त्यामुळे ते पान स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. जुन्या पानातल्या हिरव्या पट्ट्यावर हा सारा भार पडला आणि तो त्याला पेलला नाही. पाने कडांपासून तपकिरी होत गेली आणि चौथ्या महिन्याअखेर फुटवा मुळापासून वाळला.

मग मी पाने सोडून खोड पाहू लागले. अल्बोमध्ये हिरव्या आणि पांढऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी एकाच झाडात शेजारी शेजारी वाढत असतात; अशा झाडाला कायमेरा म्हणतात. शेंड्याच्या ज्या भागात ज्या पेशी असतात, त्यांचाच पट्टा खोडावर खाली उमटत जातो. छाटेतून येणारे नवे झाड मात्र जुन्या पानातून येत नाही, ते पेऱ्यावरच्या डोळ्यातून, म्हणजे तिथल्या सुप्त कोंबातून येते, आणि तो डोळा खोडाच्या ज्या पट्ट्यावर बसला असेल त्याच पेशींचा बनलेला असतो. माझ्या पहिल्या छाटेचा डोळा पूर्ण पांढऱ्या पट्ट्यावर होता, हे वाळलेले खोड फेकण्याआधी निरखून पाहिले तेव्हा कळले. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचा अनुभव तेव्हा आठवला. त्याच्या पानाचे तुकडे रोवले की रोपे येतात, पण ती काठ नसलेली, साधी हिरवी येतात. काठ राखायचा असेल तर जमिनीतल्या खोडासकट फुटवाच वेगळा करावा लागतो. झाड वाढले म्हणजे त्याचा रंगही सोबत आला, असे या झाडांच्या बाबतीत धरून चालता येत नाही.

दुसऱ्या वेळी निवड करण्यातच माझी एक संध्याकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली असे मी आजही मानते. ओल्या कापडाने खोड पुसले, देठाच्या बुडाशी असलेले वाळके आवरण हळूच सोलले आणि दिव्याच्या उजेडात एकेक पेरे फिरवून पाहिले. डोळा म्हणजे देठाच्या बेचक्यात, खोडाला चिकटून बसलेला मसुराएवढा टोकदार उंचवटा. ऊस लावणाऱ्यांना तो ओळखायला अडचण पडणार नाही. वरून तिसऱ्या पेऱ्यावर मला हवे होते ते दिसले: हिरव्या खोडावरून उतरलेली पांढरी रेघ डोळ्याच्या मधोमध गेली होती, म्हणजे त्याचे एक अंग हिरवे होते आणि दुसरे पांढरे. त्या पेऱ्याचे पान तुलनेने साधे होते, बरेचसे हिरवे आणि पांढरे शिंतोडे असलेले. पहिल्या वेळी याच पानाकडे मी लक्षही दिले नव्हते, पण छाटेला पोसायला असेच पान हवे असते.

हवाई मुळी त्या पेऱ्याला आधीच फुटली होती, ती छाटेसोबत राहील अशा बेताने कापायचे ठरवले. पाते स्पिरिटने पुसून घेतले, हातमोजे घातले (मॉन्स्टेराच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात आणि त्याने त्वचेची आग होते, म्हणून मुले आणि पाळीव प्राणीही दूर ठेवावेत) आणि पेऱ्याच्या खाली-वर दोन-दोन सेंटिमीटर खोड राखून एकाच घावात कापले. नुसत्या कांडीला, म्हणजे दोन पेऱ्यांमधल्या गुळगुळीत भागाला, कितीही जपले तरी फुटवा येत नाही, म्हणून काटकसर करायची ती तिथे करावी. कापलेली जागा सुकू देण्यासाठी छाट दिवसभर सावलीत तशीच ठेवली.

या वेळी पाण्याऐवजी स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ, वापरले. पाण्यातही मुळ्या चांगल्या येतात आणि त्या रोज दिसतात, हे समाधान मोठे असते; परंतु पाण्यातून मातीत नेताना छाट काही दिवस मलूल पडते, आणि हिरवा भाग कमी असलेल्या झाडाला तो धक्का देणे मला नको होते. मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळले, थेंब गळेनासा झाला तेव्हा पारदर्शक डब्यात सैलसर भरले आणि डोळा वर उघडा राहील अशी छाट आडवी टेकवली. डोळा ओल्या मॉसखाली दबला की कुजण्याची भीती असते. डबा उजेडाच्या पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी होता, कारण उन्हाने पांढरा भाग आधी करपतो.

एकोणिसाव्या दिवशी डब्याच्या भिंतीला टेकलेले पांढरे, केसाळ टोक दिसले. मुळ्या बोटभर वाढून त्यांना उपमुळ्या फुटेपर्यंत थांबले आणि मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) व झाडाच्या सालीचे तुकडे अशा भुसभुशीत मिश्रणात छाट लावली. डोळा फुगायला आणखी पाच आठवडे लागले. त्याचे आवरण तडकून जी गुंडाळी बाहेर आली तिच्यावर हिरव्या-पांढऱ्या रेघा एकमेकींना लागून, पीळ दिल्यासारख्या वर चढलेल्या होत्या. पान तळहाताएवढेच उघडले, त्याला अजून भेगा नव्हत्या, पण मधल्या शिरेच्या एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला पांढरे शिंतोडे स्पष्ट होते.

आता चौथे पान आले आहे आणि त्यात हिरवा रंग थोडा वाढला आहे. प्रकाश वाढवून हे परतवता येईल असे मी मानत नाही. डोळ्यात पांढऱ्या पेशी नसतील तर उजेड त्या निर्माण करू शकत नाही. पुढची दोन पानेही हिरवीच निघाली, तर तिसऱ्या पानाच्या पेऱ्यावर, जिथे रेघ अजून डोळ्यातून जाते, तिथवर शेंडा मागे छाटणार आहे. त्या पेऱ्याला मी आजच लाल दोरा बांधून ठेवला आहे.