पॉडकास्ट ऐकून बघायचंय? नऊ मिनिटांपासून सुरुवात करा

पॉडकास्ट म्हणजे फोनवर हवा तेव्हा लावून ऐकायचा, रेडिओसारखा कार्यक्रम. ‘पॉडकास्ट ऐकायचे तर कुठून सुरू करू?’ असं कुणी विचारलं की सुचवणारा हमखास स्वतःच्या आवडीची अडीच तासांची मुलाखत पुढे करतो. ऐकणारा हौसेनं लावतो. पाहुणा कोण ते त्याला माहीत नसतं, आधीच्या भागांचे संदर्भ लागत नाहीत आणि पंचविसाव्या मिनिटाला मन भलतीकडे जातं. मग ‘आपल्याला हे काही जमत नाही’ म्हणत तो अॅपच काढून टाकतो. खरं तर नुसतं ऐकत राहायची सवय कानाला हळूहळू लागते. म्हणून पहिले पंधरा दिवस एपिसोड छोटा घ्या, आणि त्यातला विषय त्यातच संपणारा असू द्या.

या मापात चपखल बसते ती बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसची ‘फिफ्टी थिंग्ज दॅट मेड द मॉडर्न इकॉनॉमी’. २०१६ साली सुरू झालेल्या या मालिकेत अर्थतज्ज्ञ लेखक टिम हारफर्ड एकटेच बोलतात. एका भागात एकच वस्तू आणि साधारण नऊ मिनिटं. क्रमानं ऐकायची गरज नाही, पण पहिला भाग ‘बार्ब्ड वायर’ म्हणजे काटेरी तारेचा घ्या. रानडुकरं शिरू नयेत म्हणून आपल्याकडे शेताला ओढतात, तीच तार. अमेरिकेत १८६२ च्या कायद्यानं लोकांना १६० एकर जमीन देऊ केली, पण पश्चिमेच्या गवताळ माळावर कुंपणाला लाकूडच नव्हतं. गुरं उभं पीक तुडवून जायची. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. त्याची खुबी एवढीच की काटे एका तारेला अडकवून दुसरी तार तिच्याभोवती पिळायची, म्हणजे काटे सरकत नाहीत. कागदावरची मालकी या पिळामुळे जमिनीवर उतरली, आणि मोकळ्या कुरणावर जगणाऱ्यांची वाट बंद झाली. नऊ मिनिटांत एवढा ऐवज. दुसरा भाग शिपिंग कंटेनरचा घ्या. नागपूरच्या वर्धा रोडवर ट्रेलरवरून जाणारे कंटेनर रोज दिसतात, पण ते सगळे ठरावीक मापांचेच का, आणि त्या मापांवर एकमत व्हायला इतका त्रास का झाला, हे त्यात उलगडतं.

दहा-बारा भाग झाले की ‘अ हिस्ट्री ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’कडे वळा. बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियमनं २०१० मध्ये केलेली ही मालिका, शंभर भागांची, प्रत्येक भाग पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. बोलतात म्युझियमचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर. वस्तू दिसत नसताना तिच्याबद्दल ऐकायचं, हीच यातली गंमत. तेरावा भाग सिंधू संस्कृतीच्या मुद्रेचा आहे आणि बत्तिसावा अशोकस्तंभाच्या तुकड्याचा. आपल्याकडच्या वस्तूंपासून सुरुवात केली की अनोळखी नावांचा भार कमी होतो. माझा आग्रह असा की आधी ऐका आणि फोटो नंतर बघा. आधी बघितलं तर डोळ्यांचंच समाधान होतं आणि कान सैल पडतो.

आता मराठीचं. बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ बातमीतला एक विषय घेऊन थोडक्यात समजावते, सकाळच्या चहाला बरोबर पुरते. जगातल्या घडामोडींसाठी त्यांचीच ‘गोष्ट दुनियेची’ आहे. गप्पा आवडत असतील तर सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’, विनायक पाचलग यांचं ‘थिंक बँक’ आणि ‘अमुक तमुक’ ही तीन नावं टिपून ठेवा. तिन्हींत लांब बोलणं असतं, तेव्हा नवा भाग आला म्हणून तोच लावू नका. यादी खालपर्यंत चाळा आणि ज्या पाहुण्याचं काम किंवा ज्या विषयाची अडचण तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, तो भाग निवडा. हिंदी तर नागपुरात घरचीच, त्यामुळे ‘पुलियाबाज़ी’ही सुचवते. सरकारी धोरणं, तंत्रज्ञान आणि इतिहास यांवर इतकी समजूतदार आणि मोकळी चर्चा ऐकायला फार क्वचित मिळते.

सुचवण्यांइतकंच अॅपकडे लक्ष द्या, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात. यूट्यूबवर ऐकायला गेलात तर फुकटच्या खात्यात स्क्रीन बंद झाली की आवाज बंद होतो, आणि ऐकायचं असताना व्हिडिओचा डेटाही उगाच जातो. अँड्रॉइडवर ‘अँटेनापॉड’ घ्या. फुकट आहे, स्वतःच्या जाहिराती दाखवत नाही आणि खातंही उघडावं लागत नाही. आयफोनवर ‘अॅपल पॉडकास्ट्स’ आधीच असतं. शोधताना नाव इंग्रजीत टाइप करा आणि खाली प्रकाशकाचं नाव तपासा. लोकप्रिय मालिकांचे भाग भलत्याच कुणी चढवलेले असतात, त्यांत आवाज फाटलेला आणि भाग अर्धवट.

डाउनलोडचा हिशेब सरळ आहे. १२८ केबीपीएसचा (हे आवाजाच्या दर्जाचं माप) आवाज तासाला सुमारे ५८ एमबी खातो, ६४ चा त्याच्या निम्मे. उत्साहात दहा कार्यक्रम सबस्क्राइब केले, अॅपनं आपणहून प्रत्येकाचे पाच भाग उतरवले आणि भाग तासाभराचे असले, तर जवळजवळ ३ जीबी गेले. मग फोन भरल्याची सूचना येते आणि सगळंच डिलीट होतं. म्हणून आपोआप डाउनलोड बंद ठेवा. रात्री घरच्या वायफायवर उद्याचे दोनच भाग हातानं उतरवा, आणि ऐकून झालेला भाग आपोआप पुसायची सेटिंग चालू ठेवा. सुरुवातीला तीनपेक्षा जास्त कार्यक्रम सबस्क्राइब करू नका. न ऐकलेल्या भागांचा आकडा वाढत गेला की ऐकणं गृहपाठासारखं वाटू लागतं.

आणखी एक तक्रार नेहमीची: ‘स्क्रीन लॉक केली की दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं.’ बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेलं अॅप बंद केलं जातं. सेटिंगमध्ये त्या अॅपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. अॅपचा दोष नसतो.

इंग्रजी उच्चार कानावर बसेपर्यंत वेग ०.९ करा. ०.७ च्या खाली गेलात तर शब्द ताणले जाऊन उलट कमी कळतात. अॅपल पॉडकास्ट्समध्ये बऱ्याच इंग्रजी भागांखाली लिखित मजकूर येतो. अडलेला शब्द तिथे बघून पुढे जा. दीडपट वेगानं ऐकायची घाई मात्र नको. बोलणाऱ्याची थांबायची जागा हा अर्धा आशय असतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात ऐकण्याची वेगळीच अडचण येते, ती म्हणजे कूलर. कूलरची घरघर सलग असते आणि तिच्यात स, फ, त, थ असे हलके उच्चार आधी बुडतात. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, म्हणून माणूस आवाज वाढवत सुटतो. त्यानं कान दुखतो, शब्द तरी कळतच नाहीत. रबरी टोकाचे इअरफोन घ्या आणि डब्यातली तिन्ही मापं लावून बघा. इअरफोन लावून बोललं की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो, ते माप बरोबर. बाहेरचा आवाज तिथेच अडतो आणि निम्म्या आवाजात काम भागतं.

मेट्रोत लोकमान्य नगरहून बर्डीपर्यंत फिफ्टी थिंग्जचे दोन भाग आरामात होतात. स्टेशनची घोषणा ऐकू यावी म्हणून एकच कान लावणार असाल तर फोनच्या अॅक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ चालू करा. नाहीतर दोन माणसं दोन बाजूंना रेकॉर्ड केलेली असली की तुम्हाला एकाचंच बोलणं ऐकू येईल. दुचाकीवर मात्र एका कानातही नको. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न हीच तिथली ऐकायची गोष्ट आहे. भाजी निवडणं, कपडे घड्या घालणं, फुटाळा तलावावर किंवा सेमिनरी हिल्सवर सकाळचं चालणं यांच्या जोडीला पॉडकास्ट छान जमतो. ईमेल लिहिताना किंवा हिशेब करताना जमत नाही, कारण दोन्हीकडे डोकं शब्दांतच गुंतलेलं असतं.

महिन्याभरानं लांब मालिकांना हात घाला. इथे एक चूक सर्रास होते. अॅप सगळ्यात नवा भाग वर दाखवतं, आणि ‘सीरियल’सारखी एकाच प्रकरणाचा माग काढणारी मालिका लोक शेवटाकडून सुरू करतात. यादीचा क्रम ‘जुना आधी’ असा बदलून २०१४ चा पहिला सीझन पहिल्या भागापासून ऐका. एकूण बारा भाग आहेत. विषय खऱ्या खुनाचा आहे, तेव्हा लहान मुलं जवळ असताना स्पीकरवर लावू नका. अमित वर्मांचा गप्पांचा कार्यक्रम ‘द सीन अँड द अनसीन’ गाजला तो कित्येक तास चालणाऱ्या भागांमुळे, पण २०१७ चे सुरुवातीचे भाग छोटे आहेत. नव्या माणसानं तिथूनच शिरावं. गाण्याचा कान असेल तर हृषीकेश हिरवे यांचा ‘साँग एक्सप्लोडर’ ऐका. संगीतकार आपल्याच गाण्याचे थर एकेक करून उलगडून दाखवतो. हा मात्र दोन्ही कानांनीच.

आणि नागपूरहून समृद्धी महामार्गानं मुंबई गाठायची असेल तर ‘थर्टीन मिनिट्स टू द मून’चा पहिला सीझन सोबत घ्या. अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरतानाची शेवटची १३ मिनिटं हा या मालिकेचा गाभा, आणि निवेदक केव्हिन फाँग तिथपर्यंत भागाभागानं नेतात. उतरताना संगणकावर १२०२ हा अलार्म वाजतो. आर्मस्ट्राँग विचारतो, याचा अर्थ काय? ह्यूस्टनच्या नासा केंद्रात जॅक गारमन या २४ वर्षांच्या इंजिनिअरकडे अशा अलार्मची हातानं लिहिलेली यादी असते, त्यामुळे काही सेकंदांत उत्तर जातं: पुढे चला. हे सगळं नियंत्रण कक्षातल्या मूळ आवाजांत ऐकायला मिळतं. ७०१ किलोमीटरला ही मालिका पुरून उरते. सगळे भाग निघण्याच्या आदल्या रात्रीच उतरवून घ्या. वाटेत रेंज जाते, आणि इगतपुरीजवळच्या लांब बोगद्यात नेमका तो १२०२ चा क्षण तुटायला नको.