कंदिलाची काच

ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आमच्या कऱ्हाडच्या घरी माळ्यावर होता. परवा त्याची काच राखेनं घासून उजेडात धरली. खालच्या कडेजवळ तांदळाच्या कणीएवढा लांबट बुडबुडा आहे, काच फुंकताना ओढला गेलेला. शेजारची कपची उडालीय, ती आजीनं कागदाच्या पुडीत जपलीय. टिचकी मारली की काच छान वाजते. आजी म्हणाली, "काचेत आता काय शोधायचं राहिलंय गं?"

बरंच राहिलंय. टिचकीचा आवाज सेकंदाला काही हजार कंपनांचा. मी काचेतल्या अणूंच्या ज्या थरथरीच्या मागे आहे ती सेकंदाला सुमारे एक लाख कोटी वेळा होते. तरी आम्ही तिला कमी वारंवारतेची म्हणतो, कारण सिलिकॉन-ऑक्सिजन बंध त्याच्या तीसेक पट वेगानं ताणला जातो. पदार्थ सलग धरणाऱ्या डिबाय या शास्त्रज्ञाच्या हिशोबानं या पट्ट्यात जितकी कंपनं निघतात, त्याहून काचेत जास्त सापडतात. काचेनं विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात, म्हणजे रामन वर्णपटात, तिथं उंचवटा दिसतो, तो बोसॉन पीक.

याचं कारण अणूंची विस्कळीत रचना, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. मग चुमाकोव्ह हा भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांचा २०१४चा प्रयोग वाचला. साधी सिलिका काच, म्हणजे नुसत्या सिलिकॉन-ऑक्सिजनची, घनसेंटिमीटरला २.२० ग्रॅम; त्याच अणूंचा स्फटिक, क्वार्ट्झ, २.६५. काच प्रचंड दाबाखाली दाटवली की दाब काढल्यावरही दाटच राहते. अशी काच क्वार्ट्झशेजारी ठेवून मोजली, तर जादा कंपनं दोन्हींत सारखीच आणि उष्माधारकताही, म्हणजे तापायला लागणारी उष्णताही, तीच! म्हणजे इतके दिवस आपण सैल काच घट्ट स्फटिकाशी ताडून बघत होतो; फरक विस्कळीतपणाचा नव्हता, घनतेचा होता. मला ते पान दोनदा वाचावं लागलं.

आजीला ज्वारीच्या मापावरून सांगितलं. माप हलवून, थोपटून भरलं की दाणा तोच राहतो, मधली पोकळी जाते. काचेतला दाणा म्हणजे चार ऑक्सिजनांच्या मधोमध एक सिलिकॉन. फरक इतकाच की हे दाणे सुटे नाहीत, कोपऱ्यांनी एकमेकांना धरून आहेत. साध्या काचेत त्यांनी मिळून केलेल्या गोल कड्यांच्या आत मोकळी जागा असते, तिथं ते डुलतात. दाबल्यावर दाणा फारसा चेपत नाही, सांधे दुमडतात. मग उंचवटा बसतो आणि वरच्या वारंवारतेकडे सरकतो.

"म्हणजे डुलायला जागाच उरत नाही," आजी म्हणाली.

कंदिलाच्या काचेत सोडा आणि चुनाही असतो, त्यानं ही जाळी जागोजागी तुटते. त्या कपचीचा वर्णपट काढायचाय. आजीनं पुडी काढून दिलीय.