घरच्या ऑफिसची खोली: आधी बसून बघितलं, मग फोडलं

आमच्याकडे मागच्या खोलीचं ऑफिस करायचं ठरलं तेव्हा पहिली चर्चा कशावर झाली, तर रंगावर. नवऱ्याने मोबाईलवर ढीगभर फोटो दाखवले, राखाडी भिंत, लटकते दिवे, कुंड्या, आणि गंमत म्हणजे एकाही फोटोत वायर दिसत नाही. अरे बाबा, लॅपटॉप काय हवेवर चालतो का? माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, हिशोबाचं काम, दोन स्क्रीन लागतात आणि अर्धा दिवस कॉल. ते सगळं डायनिंग टेबलवर चाललं होतं, कुकरच्या शिट्टीला म्यूट आणि भाजीवाला आला की परत म्यूट. त्यामुळे फोटो बाजूला ठेवले आणि म्हटलं, काही फोडायच्या आधी मी त्या खोलीत नुसती बसून काम करून बघते.

नाशिकच्या इंदिरानगरमधला जुना टू बीएचके आहे, ही खोली साधारण दहा बाय नऊची, पश्चिमेला एक खिडकी, आणि आत दिवाण, शिलाई मशीन आणि वर्षाच्या गव्हाच्या दोन कोठ्या. खोली रिकामी करायची म्हटल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "आणि गहू कुठे ठेवायचा गं?" प्रश्न बरोबरच होता.

तर कोठ्या तिथेच राहू दिल्या आणि फोल्डिंगचं टेबल आणून आधी खिडकीसमोर लावलं. दुपारपर्यंत छान वाटलं, पण चारनंतर ऊन सरळ डोळ्यात. मग फिरवून खिडकीकडे पाठ केली, तर स्क्रीनवर खिडकीचं प्रतिबिंब आणि कॉलवर माझं तोंड काळंकुट्ट, टीममधली एक म्हणाली सुद्धा की तू साक्षीदार संरक्षण योजनेत आहेस का. शेवटी टेबल बाजूच्या भिंतीला लावलं, खिडकी डाव्या हाताला, आणि उजेड एकदम नीट आला. हे कुठल्याही फोटोत बघून कळलं नसतं, त्या त्या वेळेला तिथे बसल्यावरच कळतं. मी तर म्हणेन निदान एक आख्खा आठवडा असं बसून काढा, सोमवारच्या मीटिंगपासून शनिवारी शेजारच्यांच्या मिक्सरपर्यंत सगळं कळतं.

तिथे बसल्यावर अजून एक गोष्ट लक्षात आली. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या यायच्या, हॉलमध्ये नाही, फक्त याच खोलीत. इलेक्ट्रिशियन दादांना सांगितलं तर त्यांनी बोर्डात फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून बघितला (हे आपलं आपण करायचं नाही, प्लीज), बल्ब पेटलाच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर पिनेला जोडलेलीच नव्हती, तिची छान गुंडाळी करून आत कोंबून ठेवलेली! इतकी वर्षं आम्ही तीन पिनचे प्लग लावत होतो आणि तिसरी पिन नावालाच. ती जोडून परत बघितलं तेव्हा बल्ब लख्ख पेटला. त्याच दिवशी मी नवऱ्याला सांगून टाकलं की लटकते दिवे नंतर, बजेटमधले पहिले पैसे वायरिंगला. ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) पण तेव्हाच मेन बोर्डात बसवून घेतली, अर्थिंगची वायर शाबूत आहे की नाही यावर सगळं सोडून चालत नाही.

पॉइंट ठरवायला कागद घेतला आणि काय काय लागतं ते लिहिलं, दोन स्क्रीन, लॅपटॉप, राउटर, टेबल लॅम्प, मोबाईल, प्रिंटर, आणि दोन मोकळे. कायम लावून ठेवायच्या गोष्टींचा बोर्ड टेबलाखाली, काढघाल होते त्यांचा टेबलाच्या वर हाताशी. सॉकेटला २.५ चौ. मिमीची वायर, दिव्या-पंख्याला दीडची, हे दादांना सांगावं लागलं नाही, पण बंडलवरचा आकडा मी वाचलाच. नेटची केबल वेगळ्या पाइपातून घ्यायला लावली, लाईटच्या वायरींबरोबर एकाच पाइपात कोंबायची नाही. फायबरचा डबा हॉलमध्ये आहे आणि मध्ये दोन भिंती, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर तिथे पोचेपर्यंत दम तोडतं, म्हणून सरळ कॅट ६ केबल ओढली. पाइपात एक नायलॉनची दोरी पण सोडून ठेवलीये, उद्या दुसरी केबल ओढायची झाली तर भिंत फोडायला नको.

पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारताना एक वाद झाला. मध्ये कॉलम येतो आणि दादा म्हणे, "ताई, अर्धा इंचच घेतो, काही होत नाही." मी नाही म्हटलं. कॉलमला आणि बीमला हात लावायचा नाही, तेवढ्या तुकड्यावर बाहेरून केसिंग पट्टी मारा, पुढे कपाटच येणार आहे, कोणाला दिसतंय. नवऱ्याची बाल्कनी बंद करून खोली वाढवायची आयडिया पण अशीच गेली, महापालिका आणि सोसायटी दोघांशी कोण भांडत बसणार.

इन्व्हर्टर आमच्याकडे आधीपासून होता, पण फक्त दिवे आणि पंख्यांवर. हिशोब केला: लॅपटॉप, दोन स्क्रीन आणि राउटर मिळून सव्वाशे वॅटच्या आसपास, घरातले दोन पंखे आणि दिवे धरून तीनशे. १५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, बॅटरी जुनी म्हणून मी निम्मेच धरले, तरी तीन तास निघतात. पुरे. टेबलाखालचा बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला, लेझर प्रिंटर मात्र मुद्दाम बाहेर ठेवला, तो तापताना एकदम भरपूर करंट ओढतो. आणि बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं छोटं बटण असतं ते चालू करा, लाईट गेल्यावर राउटर रिस्टार्ट होणं आमच्याकडे त्यानेच थांबलं.

आता सुतारकाम. आधी तर सुतारच मिळेना, जो तो म्हणतो सगळी माणसं कुंभाच्या कामाला लागलीयेत. खरं किती आणि रेट वाढवायचं निमित्त किती देव जाणे, २०२७ पर्यंत नाशकात हेच ऐकायचंय बहुतेक. जे मिळाले ते राजस्थानचे, आणि त्यांचं एक पक्कं असतं, दिवाळीला गावी गेले की महिनाभर फोन लागत नाही. म्हणून उलटं मोजलं: दिवाळीआधी सुतार मोकळे, त्याआधी प्लाय घरात, त्याआधी प्लास्टर आणि पुट्टी वाळलेली (पावसात पुट्टी वाळता वाळत नाही), आणि पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नाही हा सासूबाईंचा हुकूम. म्हणजे फोडाफोडी श्रावणातच उरकणं आलं.

रेट विचारताना तीन सुतारांचे तीन आकडे आले आणि स्वस्त वाटणारा शेवटी महाग निघत होता, कारण तो कपाटाचा स्क्वेअर फूट आतले कप्पे धरून मोजत होता आणि बाकीचे फक्त समोरची उंची गुणिले रुंदी. हे तोंडी ठेवू नका, कागदावर लिहून घ्या. मी लेबर रेटवर दिलं आणि प्लाय स्वतः आणला, शीटवरच्या आयएसआय शिक्क्याचा नंबर बघून, ३०३ म्हणजे साध्या कामाचा, ७१० म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन. खोलीत पाण्याचा संबंध नाही, तेव्हा ३०३ चाच घेतला, दुकानदार ७१० च घ्या म्हणून मागे लागला होता.

टेबलाच्या मापावरून खरी जुंपली. सुतार म्हणे, "भाभी, चौबीस इंच रखो, शीट चार फूट की है, बराबर दो निकलेंगे." त्यांचं गणित चोख होतं. पण फोल्डिंगच्या टेबलवर बसून मला कळलं होतं की स्क्रीन हातभर लांब हवी तर चोवीस कमी पडतात, मला सत्तावीस हवे होते. मग उरलेल्या एकवीस इंचाच्या पट्टीचे फायलींच्या कपाटाचे कप्पे केले, वाया काही गेलं नाही, आणि तेही खूश. उंची ते ठरल्याप्रमाणे तीस इंच करणार होते, मी पाच फूट एक इंच, तीसवर माझे खांदे वर उचलले जातात. अठ्ठावीस करून घेतली. नवरा कधी बसला की कुरकुरतो, बसू दे.

गव्हाच्या कोठ्या आता फायलींच्या कपाटाच्या खालच्या मोठ्या कप्प्यात आहेत, त्यासाठी कपाट चार इंच जास्त खोल घेतलं आणि खालचा कप्पा शटरशिवाय ठेवला. कॉलवर दिसत नाहीत, कॅमेरा दुसऱ्या भिंतीकडे आहे.

एक काम अगदी फुकटातलं सांगते, प्लास्टर करायच्या आधी उघड्या झिऱ्यांचे फोटो काढा, भिंतीला मोजायचा टेप लावून. परवा शेल्फसाठी ड्रिल मारायचं होतं तेव्हा तोच फोटो उघडून बघितला आणि पाइपापासून चार बोटं लांब भोक घेतलं.

रंग शेवटी पांढराच झाला. पडद्याचं अजून अडलंय, मला ब्लाइंड्स हव्यात आणि सासूबाईंना जुन्या साड्यांचे पडदे शिवायचेत, मशीन त्याच खोलीत आहे म्हणे, वापरायला नको का. चार वाजताच्या उन्हाला सध्या वर्तमानपत्र चिकटवलंय.