रेडिओवाल्या मामांकडे गिटारचा अ‍ॅम्प

रविवार, रात्री उशिरा

आज गिटारचा आवाज मोठा करणारा माझा अ‍ॅम्प बोलला. झोपायच्या आधी सगळं लिहून ठेवतोय, त्यातही मामांनी दाखवलेलं जास्त, कारण किटसोबतच्या माहितीपत्रकात ते कुठेच नाही.

किट फेंडर या अमेरिकन कंपनीच्या जुन्या चॅम्प अ‍ॅम्पच्या धर्तीचं, १९५० च्या दशकातलं ५एफ१ नावाचं सर्किट. तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्या), एकच बटण, ताकद जेमतेम ५ वॅट. आधी गिटारचा बारीक सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, मग स्पीकर चालवणारा ६व्ही६, आणि एसीचं डीसी करायला ५वाय३. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०, म्हणून पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या व्होल्टेजचा मागवला. पेटी मात्र इथलीच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मशिनं पाइनच्या खोक्यांतून आली होती. त्या फळ्या अनगोळच्या सुतारकाकांनी रंधा मारून, कोपऱ्यांत दाते पाडून जोडून दिल्या. मूळ चॅम्पची पेटीही पाइनचीच असायची.

मामांचं दुकान खडे बाजारामागच्या गल्लीत. आमच्या घरचा व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनीच जगवला. आजोबा त्यावर सांगली केंद्र लावायचे, आजी कानडी धारवाड, तिचं माहेर गोकाककडचं ना. गिटारचा अ‍ॅम्प मामांनी आयुष्यात उघडलेला नव्हता. मी सर्किटचा नकाशा टेबलावर पसरला. त्यांनी चष्मा सारखा केला, इनपुटपासून स्पीकरपर्यंत बोट फिरवत नेलं आणि म्हणाले, "हा रेडिओच हाय की रे! ट्यूनिंग तेवढं काढून टाकलंय."

मला ते फार भावलं, आणि ते खरंही आहे. फेंडर कंपनी काढणारा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं, अ‍ॅम्प आणि गिटारी त्यानंतरच्या. म्हणजे खडे बाजारातलं हे टेबल आणि तिकडचं ते टेबल एकाच धंद्यातलं. मामांच्या पत्र्याच्या डब्यात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल८४ व्हॉल्व्ह अजून कागदात गुंडाळून ठेवलेले आहेत. आपल्या रेडिओंत ६व्ही६ चं काम तेच करायचे.

सोल्डरिंग मी घरी करत आणलं होतं. राहिलं होतं हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेचं वायरिंग, ते मामांनी समोर बसवून करून घेतलं. दोन वायरी एकमेकींवर घट्ट पिळायच्या, चॅसिसच्या पत्र्याला चिकटवून कोपऱ्यातून न्यायच्या आणि व्हॉल्व्हच्या बेसपाशी आल्यावरच वर उचलायच्या. या वायरींतून ६.३ व्होल्टचा एसी वाहतो. पीळ घट्ट असला की दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना जवळपास मारतात, सैल असला की ५० हर्ट्झचं हमिंग, म्हणजे विजेची घरघर, थेट १२एएक्स७ च्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकावर उतरतं. मी भरभर पिळायला लागलो तसं म्हणाले, "घाई कशाला करूलायस? आता पाच मिनिटं लाव, मग जन्मभर हम ऐकायला नको." त्यांच्या बोटांना हल्ली कंप आहे, पण पक्कड हातात आली की तो थांबतो. मी मुद्दाम बघत होतो.

मग सिरीज बोर्ड. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब अ‍ॅम्पच्या सिरीजमध्ये. स्पीकर जोडलाय याची खात्री मामांनी स्वतः केली, कारण स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. स्विच टाकला. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंदावला. तसाच पेटून राहिला असता तर कुठेतरी शॉर्ट. बल्ब काढून थेट लाइनवर दिलं, मीटर लावला. डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर साडेतीनशे व्होल्टच्या आसपास. ६व्ही६ च्या कॅथोडला (व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या टोकाला) ४७० ओहमचा रेझिस्टन्स, त्यावर १९ व्होल्ट, म्हणजे करंट सुमारे ४० मिलिअँपिअर. मामांनी हा भागाकार तोंडी केला. मापं घेताना त्यांचा डावा हात पाठीमागे. तो तसाच असतो, गेली कित्येक वर्षं. दोन्ही हात आत गेले आणि शॉक बसला तर करंट छातीतून जातो. बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेले राहतात, ते रेझिस्टन्स लावून उतरवायचे आणि मीटरवर शून्याजवळ दिसेपर्यंत आत बोट घालायचं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने हे पाळावंच.

गिटार कॅम्पातल्या मित्राची. बटणावर १२ पर्यंत आकडे. ४ वर सूर स्वच्छ, थोडा गोलसर. ९ च्या पुढे गेलो आणि सूर फाटायला लागला, पण एकदम नाही. हलका छेडला की साफ, जोरात छेडला की खरखरीत. एकट्या ६व्ही६ च्या अशा जोडणीत मूळ सुरात मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येचा सूर मिसळतो. म्हणजे सा वाजवावा आणि तारसप्तकातला सा बारीक आवाजात सोबत यावा. ट्रान्झिस्टरच्या माझ्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये सूर एका जागी तुटतो. इथे तो हाताचं ऐकतो. मी अर्धा तास एकच तार वाजवत बसलो आणि मामांनी एकदाही थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी डब्यातल्या ईएल८४ वर दुसरा अ‍ॅम्प मांडायचं ठरलंय. त्याला नऊ पिनांचा बेस लागतो, ६व्ही६ चा आठांचा चालणार नाही, कॅथोडचा रेझिस्टन्सही वेगळा. मामांनी यातलं काहीच कधी लिहून ठेवलेलं नाही. यावेळी मी वही नेणार आहे, ते बोलतील तसं उतरवून घेईन. त्यांना चालणार आहे. "अक्षर मोठं काढ, मला वाचायला यायला पायजे," एवढंच म्हणाले.