आठ्या कपाळावर, दुखणं पापणीत

रत्नागिरीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करते म्हटल्यावर माझ्याकडे गजकर्ण, घामोळं आणि वांग यांचीच गर्दी. सुरकुत्यांसाठी येणारे पेशंट मोजकेच आणि तेही बहुतेक मुंबईहून सुट्टीला आलेले. त्यामुळे एप्रिलअखेरीस मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या एक मावशी लेकीला घेऊन आल्या आणि लेकीने खुर्चीत बसायच्या आधीच “मॅडम, आईचं लेसर करायचंय” म्हणून सांगितलं, तेव्हा मी पेन खाली ठेवलं.

लेक डोंबिवलीला असते. धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात, आणि आईचा चेहरा फोटोत “वैतागलेला” दिसतो अशी तिची तक्रार. मावशींची तक्रार वेगळी होती. “गिऱ्हाईक इचारतं, काकी रातीला झोपली नाय काय? मी झोपलेली असताय. आणि सांजेला कपाळ ठणकतं.” मग लगेच ताकीद, “पन कापाकापी नाय हां. मशीननं करा काय तां.”

कपाळावर आडव्या आठ्या खोल होत्या, हे खरं. लेसरच्या जाहिरातीत दाखवतात तशाच. पण बोलताना मावशींच्या भुवया सारख्या वर चढलेल्या दिसत होत्या. मी त्यांना डोळे मिटायला लावले, कपाळ सैल सोडायला सांगितलं, भुवयांवर अंगठे ठेवले आणि म्हटलं, आता उघडा. वरच्या पापणीची सैल कातडी पापणीच्या केसांवर येऊन टेकली होती, बाहेरच्या कोपऱ्यात तर त्यांच्याही खाली. “मॅडम, अंधार केलाव काय?” त्या म्हणाल्या. मग मी ती जादा कातडी चिकटपट्टीने वर धरली आणि लेकीला आईचं कपाळ बघायला सांगितलं. आठ्या निम्म्याने उतरल्या होत्या. लेक काही बोललीच नाही.

दिवसभर पापणीचं ओझं वर धरायला कपाळाचा स्नायू राबत होता. आठ्या त्याच्या, ठणकाही त्याचाच. अशा कपाळावर लेसर फिरवून काय मिळणार? दुसऱ्या दिवशी बंदरावर गेल्यावर भुवया पुन्हा वर आणि आठ्या पुन्हा जागेवर. बोटॉक्सने तो स्नायू ढिला केला असता तर भुवई खाली येऊन डोळा आणखी झाकला असता.

लेकीने गालाकडे बोट दाखवलं. जबड्याच्या कडेला मांस ओघळलेलं होतं. “निदान हे तरी लेसरने वर जाईल ना?” कौलांवरचं शेवाळ खरवडलं म्हणून वाकलेला वासा सरळ होत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा 10,600 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण कातडीतल्या पाण्यात शोषला जातो, वरचा थर जाळतो आणि खालच्या थराला नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, बनवायला लावतो. बारीक सुरकुत्या, खरबरीतपणा, उन्हाचे डाग यांना त्याचा फायदा होतो. ओघळ मात्र कातडीखालच्या थरातला. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी स्नायूंशी जोडलेल्या त्या थराचं वर्णन केलं, आणि फेसलिफ्टमध्ये, म्हणजे ओघळलेला चेहरा वर ओढून बसवण्याच्या शस्त्रक्रियेत, आजही तोच वर ओढून घेतात.

आता ‘मशीननं करा’बद्दल. लेसर म्हणजे सौम्य आणि सुरी म्हणजे जालीम, हा समज इतका पक्का आहे की माझ्या खोलीत मशीन असूनही मला त्याच्याशी रोज भांडावं लागतं. कातडी उन्हात भाजते की काळवंडते यावरून त्वचातज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी 1975 मध्ये मांडलेल्या वर्गवारीचे पुढे सहा प्रकार झाले. आपली कोकणातली कातडी बहुधा चौथ्या-पाचव्यात बसते. तिला भाजलं की ती रंग जास्त बनवते. 2004 मध्ये आलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत मधली कातडी शाबूत ठेवून फक्त बारीक बारीक ठिपके भाजतात, त्यामुळे धोका कमी झाला, संपला नाही. त्यातून मावशी पहाटेपासून उघड्यावर, वरून ऊन आणि समोरून पाण्यावरची तिरीप. हा काळेपणा बऱ्याचदा काही आठवड्यांनी उमटतो, म्हणजे नेमका लग्नाच्या सुमारास. त्या मानाने पापणीची जादा कातडी काढायला घेतलेला छेद नैसर्गिक घडीत लपतो, जागा बधिर करून तासाभरात काम होतं आणि टाके पाच ते सात दिवसांत निघतात.

“तमाखू?” “छ्या!” “मिश्री?” “ती काय तमाखू? दात घासूक लागते नाय.” निकोटीन कुठल्याही वाटेने गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतंच. फेसलिफ्टमध्ये कातडीचा मोठा पडदा उचलतात, तो रक्ताविना काळा पडू शकतो. पापणीला रक्तपुरवठा भरपूर, तिथे भीती कमी. तरीही महिनाभर आधी बंद, हे मी चिठ्ठीवर ठळक लिहिलं. गालाचा विषय मावशींनी स्वतःच मिटवला. “गाल ऱ्हावदेत. गालानं काय दिसाचा हाय?”

संध्याकाळी डोळा जास्त मिटतो का, दोन दिसतात का, डोळे कोरडे पडतात का, हेही विचारलं. पापणी उचलणारा स्नायूच दमत असेल तर गोष्ट वेगळी. तसं काही नव्हतं. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि कोल्हापूरच्या प्लास्टिक सर्जनना फोन लावला. लग्नाआधी काही करायचं नाही, यावर लेक जरा घुश्शात होती. तारीख मावशींनीच काढली. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बंदर ओस. “तवा मना कोन इचारतां?”

जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. सर्जननी कातडी हात राखूनच काढली. भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये साधारण 20 मिलिमीटर कातडी उरावी लागते, नाहीतर डोळा पुरता मिटत नाही. सूज, निळेपणा दोनेक आठवड्यांत गेला. नारळी पौर्णिमेनंतर त्या आल्या तेव्हा कपाळाचा ठणका थांबला होता. आठ्या पुसट झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. इतक्या वर्षांच्या घड्या कातडीत थोड्या उरणारच. मिश्री पुन्हा सुरू झाली होती.

लेकीचा फोन अजून येतो, गालावरच्या डागांसाठी. मी तिला सांगितलंय, आधी काही महिने आईने सनस्क्रीन लावून आणि टोपी घालून दाखवू दे, मग थंडीत कानामागे एका ठिपक्यावर लेसरची चाचणी घेऊ. टोपी घ्यायला मावशी तयार आहेत. सनस्क्रीनने मासळीला वास लागतो, असं त्यांचं म्हणणं आहे.