अजून करायलास का ते?

लग्नात भेटा, दहाव्याला भेटा, नाहीतर स्टँडवर, तुमचा प्रश्न ठरलेला: "ते रोबोटचं अजून करायलास का?" दोन वर्षांपूर्वी प्रश्न वेगळा होता. "मोडायलाच बनवायचं, तर त्यातून मिळतं काय?" दोन्ही वेळा मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो आणि विषय बदलला. तुम्ही परत परत विचारलंत म्हणून आता एकदाच लिहितो.

हो. करतो. रोबोट बनवतो आणि दुसऱ्यांच्या रोबोटशी झुंजवतो.

जुना प्रश्न आधी घेतो. तेव्हा मी सांगायचो की इलेक्ट्रॉनिक्स शिकायला मिळतं, बायोडेटात घालता येतं. ते खोटं होतं. चार वर्षांत मी कुणाला बायोडेटा दिलेला नाही. रोज कंपनीच्या बसनं जालन्याहून शेंद्र्याला जातो आणि आठ तास एकाच बुशचा व्यास मायक्रोमीटरनं मोजतो. तो बुश ज्या गाडीत बसतो ती गाडी मी पाहिलेली नाही. तो पुढं टिकला की झिजला, हे मला कधीच कळत नाही.

रोबोटचं कळतं. माझी पहिली लढत पुण्यातल्या एका कॉलेजात झाली. वेळ ३ मिनिटांची, माझं काम ४० सेकंदांत आटोपलं. समोरच्या रोबोटचा, मारायला लावलेला फिरता ड्रम एकदाच लागला आणि चाकाच्या मोटारीची तार सोल्डरमधून निघून आली. घरी तो टाका मारला तेव्हाच मला तो चकचकीत न दिसता राखाडी दिसला होता. चाक फिरतंय ना, मग राहू दे, म्हणून सोडून दिला होता. नेमका तोच सुटला. ज्यांनी मला हरवलं त्याच पोरांनी स्वतःच्या डब्यातली मोटार काढून दिली आणि आपल्या हातानं जोडून दिली. पुढच्या लढतीतही हरलो. रात्री परतताना झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. तुम्ही 'मिळतं काय' विचारायचात, त्याचं उत्तर हे होतं. तेव्हा सांगायची लाज वाटली.

मग 'वखर' बनवला. वखराची पास जशी जमिनीलगत आडवी चालते, तसं याचं पातं जमिनीच्या बोटभर वर आडवं फिरतं. पातं भंगारातल्या ट्रकच्या कमानपाट्याचं. लेथवाल्या चाचांनी बजावलं होतं, "गॅसनं कापू नको, पाण्यातून जाईल." पोलादाला दिलेलं पाणी तापलं की उतरतं, मग पातं एक तर वाकतं नाहीतर तुटतं. म्हणून ग्राइंडरच्या पातळ चाकानं, मधे मधे पाणी टाकत, दोन रविवार घालवून कापलं. मोटार १००० केव्हीची, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला हजार फेऱ्यांची; बॅटरी तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची, पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. म्हणजे कागदावर मिनिटाला १२,६०० फेरे. पात्याला लागून ते कमी होतात, पण वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, हे गणित मला पाठ होतं.

आता ते सांगतो, जे तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

दिवाळीची सुट्टी होती, भाचा आलेला. बारा वर्षांचा. सकाळपासून माझ्या मागच्या खोलीत बसून होता. रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटारींनी काय करायचं, हे रिसीव्हरला आधी सांगून ठेवावं लागतं. त्याला फेलसेफ म्हणतात. माझ्या सेटवर ते सांगायची रीत अशी की स्टिक हवी तिथं धरायची आणि सेव्ह करायचं. मी आदल्या रात्री सेव्ह केलं तेव्हा पात्याची स्टिक अर्ध्यावर राहिली होती, म्हणजे सिग्नल तुटला की पातं फिरणार. तपासायला दोन मिनिटं लागतात. पातं काढून ठेवायचं, रिमोट बंद करायचा, मोटार थांबते का बघायचं. मी बघितलं नाही. कंपनीत मी मोजल्याशिवाय एक बुश पुढं सोडत नाही.

चाकं चालवून झाली. पातं स्थिर होतं. मी रिमोट बंद केला. नियम उलटा आहे, आधी बॅटरीचा प्लग काढायचा, रिमोट सगळ्यात शेवटी. पातं अडकवून ठेवायची पिनही असावी लागते. माझी पिन अजून बनायची होती. मी म्हणालो, "उचल." त्यानं हात घातला.

आवाज मोठा झाला नाही. त्याचं बोट आडवं आलं म्हणून पातं वेग घ्यायच्या आधीच अडलं. मोटार तिथंच कुरकुरत राहिली आणि मी प्लग ओढला. एक क्षण उशिरा हात घातला असता तर बोट राहिलं नसतं. तर्जनीचं टोक फाटलं होतं, नख अर्धं उचकटलं होतं. तो रडला नाही. फरशीवर पडलेल्या थेंबांकडं बघत म्हणाला, "मामा, आईला नको सांगू."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं? मी म्हणालो, टेबलफॅननं. डॉक्टरांनी त्याच्याकडं बघितलं. तोही म्हणाला, "पंख्यात गेलं बोट." न अडखळता म्हणाला. पाच टाके पडले. घरी ताईला मी तेच सांगितलं, आणि महिनाभर त्या पोरानं माझं खोटं सांभाळलं. मग एका रात्री त्यानंच तिला खरं सांगितलं. ताईचा फोन आला तेव्हा ती बोटाबद्दल काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्याला खोटं बोलायला लावलंस."

वखर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. सात महिने हात लावला नाही. तुम्हाला वाटलं सुटलं, मलाही वाटलं.

नंतर परत सुरू केलं, तेव्हा मी मनाशी भांडायचो. आपल्याकडं कडबाकुट्टीत कितीतरी जणांची बोटं गेली. त्यांना कुणी विचारत नाही, अजून कुट्टी करायलास का? हे मी दोन-तीन जणांना बोलूनही दाखवलं. आता ते मागं घेतो. कडबाकुट्टी जनावरांच्या पोटासाठी चालते. माझं पातं कुणाच्या पोटासाठी फिरत नाही. पण पोटासाठी नाही म्हणून सोडून द्यावं, हेही मला पटत नाही. तसं म्हटलं तर माझ्याकडं बुश सोडून काही उरत नाही.

सुधारलं काय, तर आता पिन आहे. सहा मिलिमीटरचा दांडा, त्याला लाल फीत. ती पात्यात असल्याशिवाय बॅटरी जोडत नाही, आणि रोबोट आखाड्यात ठेवल्याशिवाय ती निघत नाही. फेलसेफ दरवेळी तपासतो. चार्जिंग वाळूच्या बादलीत. मधे एक बिनपात्याचा, नुसत्या पाचरीचा रोबोट बनवला. नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी, असं जाणती पोरं सांगतात आणि बरोबर सांगतात. मला तेव्हा पातंच हवं होतं. पाचरीवर दोन लढती जिंकल्या. तरी गेल्या महिन्यात चाचांकडं नवा पाटा टाकून आलो.

भाच्याचं नख परत आलं, पण मधे एक उभी रेघ आहे. तो आता चौदाचा आहे. मला व्हॉट्सॲपवर मोटारींचे फोटो पाठवतो. मी अंगठा पाठवतो, जास्त काही लिहीत नाही.

परवा ताईनंच विचारलं, "अजून करायलास का ते?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दिवाळीला पाठवते त्याला. त्या खोलीला कुलूप असू दे."

कुलूप आणलंय. किल्ली कुठं ठेवायची ते अजून ठरवलेलं नाही.