वायर काढून दाखव

नागपूरजवळ वाडीला अमरावती रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक ट्रकवाले. सेल्फ, डायनामो, टेललाइट, एबीएसचा दिवा विझतच नाही, असली कामं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला ब्रेक लाइट लावायला कोणी आला, की त्या दिवशी आम्ही त्याला चहा पाजतो, कारण असं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, मी तोवर फक्त मोबाइलवर पाहिली होती.

मे महिना, ४४ अंश. सकाळी साडेनऊलाच दुकानापुढचा मुरूम तापून पायाला चटके देत होता. एक काका त्यांच्या जावयासोबत गाडीमागे कॅराव्हॅन ओढत आले. पांढरी, दोन चाकी, लांबीला साधारण एका खोलीएवढी. काका मध्य रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, ३४ वर्षं नोकरी. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. अ‍ॅक्सल त्याने तिकडून पाठवलेला, वरचा डबा हिंगण्याच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलेला. गेल्या महिन्यात मुलगा सुटीवर आला, तेव्हा सामानात एक पाकीट आणून ठेवून गेला आणि बजावलं, हे लावल्याशिवाय नातवंडांना घेऊन कुठेच जायचं नाही.

पाकिटात ब्रेकअवे स्विच होता. काडेपेटीहून जरासा मोठा काळा डबा, मागून दोन वायरी, पुढे खुपसलेली प्लास्टिकची पिन, पिनेला पोलादी तारेचा दोर. डब्याच्या आत दोन संपर्क असतात आणि पिन त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवते. दोराचं दुसरं टोक ओढणाऱ्या गाडीला बांधायचं. चालता चालता हूक सुटला तर दोर ताणतो, पिन उपसून निघते, संपर्क जुळतात आणि कॅराव्हॅनच्या ब्रेकला करंट मिळतो. ऑस्ट्रेलियात दोन टनांवरच्या ट्रेलरला हा सक्तीचा आहे, आणि ट्रेलर सुटल्यावर ब्रेक कमीत कमी १५ मिनिटं धरून राहिला पाहिजे असा तिथला नियम. काकांची कॅराव्हॅन सव्वा टनाच्या आतबाहेर, म्हणजे तिथेही सक्ती नाही. पण मुलाचं म्हणणं ते मुलाचं म्हणणं.

या ब्रेकची गंमत सांगतो, कारण मलाही ती त्या दिवशीच नीट कळली. ट्रकला हवेचा ब्रेक. इथे हवा नाही, तेल नाही. ड्रमच्या आत एक विजेचं चुंबक लोंबतं. करंट दिला की ते फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटतं, ड्रम त्याला आपल्यासोबत थोडं ओढत नेतो, आणि त्या ओढीने दांडी ढकलली जाऊन लायनर उघडून ड्रमवर दाबले जातात. चाक उभं असेल तर नुसतं ‘टक्’ होतं. चाक थोडं फिरलं की मग गच्च धरतं.

काम सोपं होतं. स्विचची एक वायर कॅराव्हॅनच्या बॅटरीला, दुसरी ब्रेकच्या निळ्या वायरीला. एवढंच. पण बॅटरी मागच्या पलंगाखाली, १०० एएचची. स्विच बसणार अगदी पुढे, हुकामागच्या त्रिकोणी सांगाड्यावर. म्हणजे पाठीवर झोपून गाडीखालून पाचेक मीटर वायर न्यायची, दर हातावर क्लिप मारायची. त्या उन्हात. आणि इथे हुकापाशी एक जाडजूड लाल वायर आयतीच आलेली होती. ई-रिक्षाच्या चार्जिंगला असतो तसल्या करड्या प्लगमधून गाडीचा करंट कॅराव्हॅनची बॅटरी चार्ज करायला मागे जातो, ती वायर. टेस्ट लॅम्प लावला, भगभगीत पेटला. मग काय, थिंबल मारलं, फ्यूज टाकला, स्लीव्ह चढवली. ४० मिनिटांत मी मोकळा.

टेस्टही घेतली. जावईबापूंना गाडी काढायला सांगितली आणि मी पिन ओढली. कॅराव्हॅनची चाकं अर्धा फेरा फिरली आणि जागीच रुतली. गाडीने कण्हत तिला दोन हात फरपटत नेलं, मुरमात दोन सरळ चर पडले. माझा पोऱ्या शिटी मारायचा तेवढा बाकी होता. मी बिल लिहायला घेतलं, १५०० रुपये.

काका चर पाहत उभे होते. म्हणाले, “छान. आता वायर काढून दाखव.”

“कोणती जी?”

“गाडीकडून येतात त्या सगळ्या. हूकही काढ. गाडी सुटली म्हणजे वायरी थोड्याच लागून राहतील, बाबू?”

मला हे म्हातारपणाचं खूळ वाटलं, खोटं कशाला बोलू. तरी सात पिनांचा प्लग काढला, करडा प्लग काढला, चेन सोडली, हूक उचलला. गाडी चार हात पुढे घेतली. काकांनी स्वतः दोर हातात घेतला आणि झटका दिला. पिन निघाली. स्विच आतून ‘कट्’ वाजला. पोऱ्याने मागून कॅराव्हॅन ढकलली आणि ती लोण्यावर सरकावी तशी सरकली. मी धावत जाऊन चाकाखाली लाकडी ठोकळा घातला.

“भाऊ, काहीच नाही होऊन राह्यलं,” पोऱ्या म्हणाला. ते मलाही दिसत होतं.

लाल वायरीला लॅम्प लावला. अंधार. मग पलंगाची फळी उचलून पाहिलं. लाल वायर सरळ बॅटरीला गेलेलीच नव्हती. मध्ये एक चार्जर बसवलेला होता. गाडीकडून करंट आला की तो बॅटरीत भरतो, पण बॅटरीतून उलटा पुढे येऊ देत नाही. म्हणजे प्लग लावलेला असेपर्यंत माझा स्विच गाडीच्या बॅटरीवर चालत होता. ज्या क्षणी त्याची खरी गरज, म्हणजे गाडी सुटली, त्याच क्षणी प्लगही तुटणार आणि स्विच मेलेला. मी लावलेली सुरक्षा फक्त सुरक्षित असतानाच चालणारी होती.

काकांना समजावायला लागलो, तर दोन वाक्यांतच म्हणाले, “म्हणजे एनआरव्ही आहे मधात. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह.” रेल्वेचा माणूस.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ताक पीत त्यांनी मला मालगाडीचा ब्रेक सांगितला. तिथे उलटं असतं. ब्रेक पाइपमध्ये ५ किलो प्रेशरची हवा भरून ठेवतात, आणि ती हवा आहे तोवर ब्रेक सुटलेला. बैतूलजवळच्या धाराखोह-मरामझिरीच्या घाटात कप्लिंग तुटलं, पाइप फाटला, हवा गेली, की कोणी काही न करता गाडीचे दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. “तरीसुद्धा,” म्हणाले, “मागच्या डब्यात मी व्हॉल्व्ह उघडायचो आणि ड्रायव्हरला त्याच्या काट्यावर प्रेशर पडलेलं दिसायचं. त्याशिवाय गाडी सोडली नाही कधी. टेस्ट नेहमी शेवटच्या टोकाकडून. तू इंजिनाजवळ उभा राहून घेतली.”

ट्रकच्या मागच्या चाकांचंही तसंच असतं, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक धरते. हे मी रोज पाहतो. पण इथे ब्रेक लागायलाच करंट लागतो, करंट गेला की ब्रेकही गेला, हे हाताला माहीत असून डोक्यात नव्हतं.

पाकिटातला कागद टूलबॉक्सवर पडला होता, पान्याचं वजन ठेवून. आता वाचला. टेस्टच्या सूचनेत पहिलीच ओळ: पिन ओढण्याआधी गाडीचा प्लग काढा. कारण वेगळं दिलं होतं. प्लग लावून पिन ओढली तर करंट उलटा गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरमध्ये, म्हणजे एरवी कॅराव्हॅनच्या ब्रेकला करंट सोडणाऱ्या डब्यात, घुसून तो जळू शकतो. देवाच्या कृपेने काकांचा कंट्रोलर शाबूत होता. ती ओळ आधी वाचली असती तर माझी चूक तिथेच उघडी पडली असती. पण इंग्रजी कागद वाचत बसायचं वळण आपल्याला नाही.

काकांचं म्हणणं, मोठ्या बॅटरीवरूनच थेट घे. मी नको म्हटलं, कारण आत भिंतीवर त्यांनीच चिठ्ठी चिकटवली होती, ‘प्रवासात मेन स्विच बंद’. उद्या कोणी ती बॅटरीही त्या मेनच्या मागे घातली तर पुन्हा तेच रडगाणं. पोऱ्याला स्कूटरवर पिटाळलं आणि यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मागवली. पुढेच सांगाड्यावर डब्यात बसवली. स्विचला तिचाच करंट, मधे फ्यूज. लाल वायरीवरून डायोड घालून तिला चार्जिंग दिलं, म्हणजे गाडी जोडलेली असताना भरेल, पण उलटी रिकामी होणार नाही. एक छोटं बटण आणि दिवा लावला, दाबलं की बॅटरी जिवंत आहे का ते कळतं. आपल्याकडच्या उन्हात ही बॅटरी फार तर दोन वर्षं, तेही सांगून टाकलं.

दोराचाही घोळ होता. जावईबापूंनी तो हुकाच्या गोळ्यालाच गुंडाळला होता, सोपं पडतं म्हणून. गोळाच निखळला तर दोर त्याच्यासोबत जाणार. तो गाडीच्या चेसिसला वेगळ्या कडीत अडकवला. पूर्ण वळण घेतलं तरी ताणणार नाही इतकी ढील ठेवली, पण रस्त्यावर लोळणार नाही इतकीच. आपले सिमेंट रोड चार दिवसांत तो कानशीसारखे घासून टाकतील.

मग पुन्हा टेस्ट. सगळे प्लग बाहेर. एक चाक जॅकवर. पिन ओढली, पोऱ्याने चाक फिरवलं, अर्ध्या फेऱ्यात अडकलं. मीटरवर दोन्ही चाकांचे मिळून ५.९ अँपिअर. ड्रमला कान लावला तर आत बारीक गुणगुण ऐकू येत होती. जॅक काढून तिघांनी ढकलून पाहिलं, हलली नाही. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “१५ मिनिटं.” आणि खरोखर १५ मिनिटं बसले. मधे काकूंचा फोन आला, तोही उचलला नाही. शेवटी बॅटरी १२ च्या जरा खाली होती आणि चाकं तशीच गच्च.

मजुरी वाढवली नाही, बॅटरीचे पैसे तेवढे घेतले. जाताना एक गोष्ट मात्र तीनदा बजावली. हा हँडब्रेक नाही. कॅम्पवर उभी केली तर चाकाला दगड लावा, पिन ओढून ठेवू नका. चुंबकं तापतात, बॅटरी बसते, आणि बसली की ब्रेक आपोआप सुटतो.

दुसऱ्या दिवशी ते मनसरवरून पुढे पवनीहून सिल्लारीला गेले, पेंचला. संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन. आवाज तुटत होता.

“बाबू, कॅराव्हॅन जाग्यावरून हलत नाही. जरा सावलीत घ्यायची होती. जराशी सरकते अन् गच्च.”

“पिन पाहा जी.”

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग दुरून काकूंचा आवाज, मग लहान पोराचं भोकाड.

“पिन नातवाच्या हातात आहे.”

“खुपसा परत. अन् अर्धा तास गाडी सुरू ठेवून बॅटरी भरू द्या. काढून किती वेळ झाला असंल?”

“घड्याळ पाहायचं राहून गेलं ना, बाप्पा.”